आठ वर्षांपूर्वीचा एमआरआय

"हा आवाज बरा नाही," घड्याळजी म्हणाला. तळहाताएवढी हार्ड डिस्क त्याने हळूच कानाशी नेली होती. आत काहीतरी टकटक करायचं, थांबायचं, पुन्हा टकटक करायचं. यंत्राच्या पोटात दुखतंय हे आवाजावरून ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्या बायकोने डिस्क त्याच्या हातातून काढून घेतली.

संध्याकाळी पाचला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. नव्या एमआरआयमध्ये घड्याळजीच्या मेंदूत बोराएवढा डाग दिसला होता, तोही उजवा हात चालवणाऱ्या भागाला खेटून. "शिडीवरून पडलात तेव्हाचा जुना एमआरआय आणा," बाई म्हणाल्या होत्या. "डाग तेव्हाही एवढाच असेल तर नुसतं लक्ष ठेवू. नसेल तर तो वाढतोय. काढावा लागेल, आणि हाताची हमी मी देणार नाही."

तो एमआरआय जिथे काढला ते तपासणी केंद्र कधीच बंद पडलं होतं. सीडी घर बदलताना हरवली. उरली होती ही डिस्क, तिच्यावर सीडीची नक्कल होती, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच पाटी येत होती : डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल. करायची का? म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणार.

बायकोने वायर बदलून पाहिली. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला लावली. पुन्हा तीच पाटी. अकरा वाजले तेव्हा तिने डिस्क रुमालात गुंडाळली आणि पायात चपला सरकवल्या.

"धाकट्याकडे जायचं नाही," घड्याळजी म्हणाला.

"मग दुसरं कोण आहे, सांगा."

धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. वडिलांच्या शेवटच्या आजारात तो आला नाही म्हणून चार वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

दुकानात दीर एकटाच होता. वहिनीला बघून तो उभाच राहिला. तिने एका दमात सगळं सांगितलं. त्याने डिस्क हातात घेतली.

"वहिनी, खरं सांगा, ही पडली होती?"

हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "गेल्या महिन्यात. कपाट आवरताना. मीच पाडली, भावोजी."

"सांगितलंत ते बरं केलंत. आता हिला दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचं नाही. निघेल तेवढं आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचं."

त्याने प्लॅस्टिकचं कवच उघडलं, वायर जोडायची आतली छोटी पट्टी काढून टाकली आणि डिस्क सरळ आपल्या मशीनला जोडली. टकटक थांबली. वहिनीने श्वास सोडला. दिराने मात्र मान हलवली. "एवढ्यात नाही."

नक्कल उतरायला लागली. दहा टक्के. एकोणीस. एकतिसावर आकडा अडला तो अडलाच. डिस्कला हात लावला तर चटका बसेल इतकी ती तापली होती. त्याने सगळं बंद करून तिच्यावर पंखा लावला. वीस मिनिटं दोघं त्या पंख्याकडे बघत बसली. पुन्हा चालू, त्रेचाळीसवर पुन्हा अडली. पुन्हा पंखा. वहिनी स्टुलाच्या कडा घट्ट धरून बसली होती. एकदा तर डिस्क मशीनला दिसेनाशीच झाली, तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "माझ्यामुळे त्यांचा हात जाणार." दिराने पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली.

साडेतीनला बासष्ट टक्क्यांवर डिस्कने कायमचा राम म्हटला.

जे उतरलं होतं त्यातल्या फोल्डरांची नावं गेली होती, फायलींना नुसते नंबर होते. दोघं एकेक उघडत गेली. लग्नाचे फोटो, अर्धे करडे. विजेची बिलं. मग अचानक काळ्या पडद्यावर एक कवटी, आणि कोपऱ्यात घड्याळजीचं नाव, जुनी तारीख.

वहिनी स्टुलावरून उठली. मेंदूच्या कुठल्या चकतीत, म्हणजे कुठल्या थराच्या चित्रात बघायचं ते डॉक्टरीणबाईंनी तिला नव्या एमआरआयवर बोट ठेवून दाखवलं होतं. ती चकती सापडली. दिराने ती मोठी केली.

तिथे काहीच नव्हतं. स्वच्छ.

"नीट बघा ना, भावोजी. उजेड वाढवा."

त्याने उजेड वाढवला. शेजारच्या दोन चकत्या उघडल्या. त्याही स्वच्छ होत्या.

मग ती म्हणाली, "उघडलीच नाही असं सांगू या. ते विश्वास ठेवतील. बाई सहा महिने तरी नुसतं लक्ष ठेवतील, हात वाचेल..."

"सहा महिन्यांत तो केवढा होईल?" दीर म्हणाला. "बाबांच्या वेळी मी भ्यायलो होतो, वहिनी. त्यांना तसं पाहणं मला झेपणार नाही म्हणून आलोच नाही. दादाला काय सांगायचं ते मी सांगतो. तुम्ही नुसत्या बरोबर चला."

पाचला दवाखान्याच्या बाकावर घड्याळजीने भावाला येताना पाहिलं. तो तोंड फिरवणार होता, पण धाकटा सरळ पुढ्यात येऊन उकिडवा बसला. "दादा, तेव्हा डाग नव्हता. काढावा लागेल."

घड्याळजीने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "तू जेवलास का?"

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. डाग मुळासकट निघाला, पण उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट ऐकेनाशी झाली. बारीक चिमटा आता त्याच्या हातात ठरत नाही. भिंतीवरची मोठी घड्याळं तो डाव्या हाताने उघडतो, चिडतो, पुन्हा बसतो. डिस्क पडल्याचं बायकोने त्याला घरी आल्यावर सांगितलं. दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावता लावता थकला, आणि लावून दे म्हणून तिच्यापुढे येऊन उभा राहिला.