डाव्या दारातला आवाज

रुपचंद नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. तारेतली खरखर शोधणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. धुळ्यापासून नरडाण्यापर्यंत कुठल्या खांबावर, कुठल्या पेटीत काय बिघडलंय, हे नाना रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून सांगत. अशा माणसाच्या पहिल्यावहिल्या गाडीत नऊ वर्षं काहीतरी वाजत होतं, आणि ते काय होतं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. खात्यातल्या लोकांनी ही गोष्ट निरोप समारंभाच्या भाषणात घेतली होती. नाना तेव्हा हसले होते, पण हसायला आलं म्हणून नव्हे.

गाडी विकून वीसेक वर्षं झाली. प्रश्न काही विकला गेला नाही.

ती दुधी रंगाची फियाट होती, फैजपूरची. नानांचे मेव्हणे गिरधरभाऊ केळीचे व्यापारी. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी बाहेर न देता बहिणीच्या घरी दिली. नाना एकटेच ती आणायला गेले, कारण मुलाची, भूषणची, दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि कोकिळाबाईंना घर सोडता येत नव्हतं. फैजपुरात सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, गाडीला ओवाळलं. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला, डिकीत केळीचे दोन घड ठेवले. नाना वर्दीतल्या फौजदारासारखे ताठ बसून निघाले.

यावलच्या आत शिरताना एक म्हैस आडवी आली. नानांनी ब्रेक मारला, आणि आत कोणीतरी सर्र करून पुढे गेलं. म्हैस गेली, गाडी निघाली, तसं ते सर्र करून मागे आलं आणि थांबताना 'खुळुक' म्हणालं.

तेव्हापासून ते तसंच होतं. ब्रेक मारला की आवाज पुढे जायचा, गाडी निघाली की मागे यायचा, एस.टी.तल्या कंडक्टरसारखा. फक्त त्याने कधी तिकीट मागितलं नाही. पुढे पुढे त्यातला 'सर्र' कमी झाला आणि नुसता 'खुळुक' राहिला.

नानांनी सगळे उपाय केले. सायलेन्सर बदलला. स्प्रिंगचे पाटे काढून बसवले. सीट उसवून शिवली. तिच्यात भूषणची हरवलेली कंपासपेटी सापडली, पण ती वाजत नव्हती. दीपक मिस्तरी धुळ्यातला नावाजलेला माणूस. त्याने गाडी पांझरेच्या पुलावरून दोनदा नेऊन आणली आणि म्हणाला, "नाना, गाडी निरोगी शे. तुमच्याच कानाला ड्युटीची सवय लागेल शे."

तरी नाना हटले नाहीत, तेव्हा दीपक म्हणाला, दारं उघडून बघू. आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांच्यात पोकळी असते, एखादा बोल्ट पडला असेल. तो पेचकस घेऊन पुढे झाला आणि कोकिळाबाई दारापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"गिरधरदादानी मुद्दाम भुसावळहून रेक्झिन लावून आणलंय या दारांना. माझ्या माहेरच्या गाडीची कातडी सोलायची नाही."

"अगं, आवाज—"

"सगळ्याच गाड्या वाजतात. तुम्हीही झोपेत वाजता. मी कधी उघडून बघितलं का?"

दीपकने पेचकस खिशात ठेवला. लग्न झालेला माणूस होता.

एका श्रावणात तर त्या गाडीच्या डाव्या दाराखालून, पावसाचं पाणी निघून जायला भोकं असतात तिथून, हिरवे कोंब बाहेर आले. चांगले बोटभर. देवपुरातल्या नानांच्या गल्लीतली माणसं बघून गेली. शेजारच्या दिपमालावहिनींनी हळदकुंकू वाहिलं. नानांनी गवत समजून कोंब उपटले आणि दोन दिवस कोणी त्यांच्याशी नीट बोललं नाही.

शेवटी नाना थकले. आवाज कळत नाही म्हणजे गाडीत असं काही बिघडलंय की जे एक दिवस हमरस्त्यावर जीव घेईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी गाडी शिरपूरच्या एका माणसाला विकून टाकली. त्या दिवशी कोकिळाबाईंनी वरण-बट्टी केली, वाढली आणि बट्टीवर तूप सोडता सोडता शांतपणे म्हणाल्या, "माझ्या माहेरची होती ना."

एवढंच. भांडण झालं असतं तर नानांना बरं वाटलं असतं. पण ते वाक्य घरात राहायला आलं. पुढे मारुती घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही ठेवाल. ही कुठं माझ्या माहेरची आहे." गिरधरभाऊ धुळ्यात आले तर मुक्काम न करता उभ्याउभ्या चहा घेऊन जात. नाना आवाजाचं सांगायला लागले की भाऊबहीण दोघंही ऐकत, पण एखाद्याने घरी न आलेल्या पाहुण्याचं वर्णन करावं आणि आपण 'असं का' म्हणावं, तसं. तो आवाज खरा होता, गाडी रागाने विकली नव्हती, हे कोकिळाबाईंना एकदा पटावं, एवढंच नानांचं मागणं उरलं होतं. बाकी त्यांना पेन्शन होती.

मागच्या महिन्यात नात सारिका तिच्या मैत्रिणीचे लग्नाआधीचे फोटो फोनवर दाखवत होती. हल्ली लग्नाआधी फोटो काढतात, म्हणजे नंतर काढण्यासारखं काही उरलं नाही तरी चालतं. सोनगीरच्या किल्ल्याखाली महामार्गाला एक हॉटेल आहे, तिथले फोटो. मुलगी एका गुलाबी फियाटच्या टपावर बसलेली. नानांनी मुलीकडे बघितलं नाही. फोटो मोठा करायला लावला, आणखी मोठा, आणि मागच्या उजव्या दाराची मूठ बघितली. ती लोखंडी कपाटाची मूठ होती. मूळची तुटली तेव्हा नानांनीच धुळ्यातल्या पाचकंदीलच्या बाजारातून आणून बसवली होती.

"उद्या सोनगीरला जाऊन येतो," नाना म्हणाले.

"मीही येते," कोकिळाबाई म्हणाल्या. "गाडी बघायला येते. आवाज ऐकायला नाही."

हॉटेलचा मालक नवल पाटील मोकळा माणूस निघाला. "या नाना, बठा. हाई तुमनी गाडी शे? मग तर चहा माझ्याकडून." गाडी विटांवर उभी होती. इंजिन केव्हाच कोणीतरी काढून नेलं होतं. चाकं होती ती शोभेची. टपावर प्लास्टिकची बोगनवेल. शेजारी फोटो काढायला आलेलं एक जोडपं छत्री धरून आपली पाळी यायची वाट बघत होतं, आणि त्यांचा फोटोवाला आभाळाकडे बघून उजेड वाया चालल्याचं कोणाला तरी फोनवर सांगत होता.

नानांनी नवलला आवाजाचं विचारलं.

"आवाज? नाना, ती चालतच नही. मग आवाज कसा येई?"

म्हणणं रास्त होतं. नानांनी डावं पुढचं दार धरलं, उघडलं आणि जरा जोरात लावलं.

खुळुक.

नाना कोकिळाबाईंकडे वळले. बाई किल्ल्याकडे बघत होत्या. नानांनी दार पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा नका करू, ती मुलगी घाबरतेय."

"उघडू का?" नानांनी विचारलं. ज्या प्रश्नाने वीस वर्षांपूर्वी घर ढवळून निघालं होतं, तो त्यांनी असा विचारला की जणू खिडकीचं विचारताहेत.

कोकिळाबाईंनी वाकून दार आतून बघितलं. गाडी गुलाबी करताना रंगाऱ्याने हात चालवला होता तो थेट गिरधरदादाच्या रेक्झिनवरूनही. त्यांनी त्यावर नख मारून बघितलं. खाली भुसावळचा तपकिरी रंग दिसला, जरासा.

"उघडा," त्या म्हणाल्या. "आता काय राहिलंय त्याचं."

नवलने पेचकस दिला. दाराचं आतलं आवरण गंजलेल्या स्क्रूंसकट सुटलं. पोकळीत हात घालून नानांनी तळाशी चाचपलं आणि एकेक वस्तू काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवायला लागले. सुपाऱ्या निघाल्या. हळकुंडं निघाली, लाकडासारखी झालेली. खारकेच्या बिया. बदाम, आतून पोकळ. जुना रुपया, हिरवट पडलेला. मग मातकट झालेली कापडाची एक घडी. ती उलगडली तसं काठाचं जांभळं दिसलं. शेवटी नानांच्या नखात काळा भुगा आला. त्यांनी तो बोटांवर चोळून बघितला.

"गहू," ते म्हणाले. "सर्र करायचे ते हे. मग उगवले. मग कुजले. म्हणून नुसता खुळुक उरला." इतक्या वर्षांनी फॉल्ट सापडलेल्या माणसाचा आवाज होता तो. "पण हे दारात आलं कुठून?"

फोटोवाल्याने उजेड सोडून बॉनेटकडे बघितलं. "आजोबा, ओटी आहे ही."

"ओटी?" नाना विचारात पडले. काचेच्या कडेला, काच खाली जाते तिथं, फट असते. देवळातल्या दानपेटीला असते तशीच. झुंबरबाईंना ती फट म्हणजे आत काही ठेवायचीच जागा वाटली असणार. नानांच्या डोळ्यांपुढे ते आलं: ते स्वतः डिकीत केळी रचताहेत, आणि सासूबाई फटीतून एकेक जिन्नस आत सोडताहेत, नारळ जात नाही म्हणून तो तेवढा बाहेर फोडताहेत. त्यांना हसू आलं. "म्हणजे सासूबाईंनी गाडीची ओटी भरली. घरची लेक सासरी निघाली म्हणून."

"काहीतरीच," कोकिळाबाई म्हणाल्या. "लोखंडाची कोणी ओटी भरतं का?"

"मग?"

"मी कुठं बसायचे गाडीत?"

नानांनी दाराकडे बघितलं. डावं. पुढचं.

"माझी भरली," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी आले नव्हते ना तेव्हा. लेक आली नाही, गाडी चाललीय, मग तिच्या जागेवर तरी. तुमच्या हातात कशी देणार? जावयाच्या हातात ओटी देतात का?" मग त्या म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीला आईनी विचारलं होतं तुम्हाला. सगळं पोहोचलं ना घरी? माझ्यासमोर विचारलं. तुम्ही म्हणालात, सगळं पोहोचलं, फार गोड होतं."

"मी केळ्यांचं म्हणत होतो."

"ते आता कळतंय."

छत्रीतली मुलगी पुढे येऊन बघायला लागली होती. तिने विचारलं, "आजी, एवढ्या उशिरा मिळाली तर घेतात का?"

"उशिरा आली म्हणून परत कोणाकडे पाठवू?" कोकिळाबाईंनी पदर पसरला. "घाला हो."

नानांनी आयुष्यात कोणाची ओटी भरली नव्हती, आणि ती पुरुष भरत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. मुलीला ते कळलं. छत्री नवऱ्या मुलाकडे देऊन तिने बॉनेटवरच्या वस्तू ओंजळीत घेतल्या आणि बाईंच्या पदरात घातल्या, सुपाऱ्या, हळकुंडं, रुपया, वर खणाची घडी. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला आणि कोणी हटकलं नाही म्हणून आणखी दोन काढले.

कोकिळाबाईंनी पदराला गाठ मारली. ती धरून त्या मारुतीकडे निघाल्या. नाना शेजारून चालत होते. त्यांनी ठरवलं होतं की आपण विषय काढायचा नाही. जिंकलेल्या माणसाने कसं वागायचं याचा त्यांना सराव नव्हता, त्यामुळे ते नुसते किल्ली शोधत राहिले.

"आवाज होता म्हणजे," कोकिळाबाई म्हणाल्या.

"होता."

"मला वाटलं, माझ्या माहेरची म्हणून..."

"नाही."

"हं." त्या गाडीत बसल्या. "तरी पण सांगते, आईला गाडीतलं काही कळत नव्हतं. डिकीत ठेवली असती एखाद्या फडक्यात बांधून, तर काय झालं असतं?"

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी लागलेल्या संसारात माहेरच्या माणसाविरुद्ध त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. नानांना ते सहन झालं नाही.

"का कळत नव्हतं? बरोब्बर जागा शोधली होती त्यांनी. डिकी काय, केळ्यांची. मान होता का तिथं?"

"नऊ वर्षं तुमचा जीव खाल्ला त्या आवाजानी."

"खाल्ला तर खाल्ला. तू दार उघडू दिलं असतंस तर तेव्हाच सुटला असता."

"दार दादानी मढवलेलं होतं."

"मग दादाला म्हण ना. आईला कशाला म्हणतेस?"

कोकिळाबाईंनी यावर विचार केला. हा मुद्दा त्यांना पटलेला दिसला. नाना धुळ्याच्या बाजूला वळणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इकडून नको. शिरपूरकडून घ्या. फैजपूरला जाऊ."

"आत्ता? फोन कर ना त्याला."

"फोनवर काय सांगू? बघायला लागतं हे." त्यांनी पदराची गाठ मांडीवर घेतली. "तुमच्यासमोर त्याला सांगणार मी, की आवाज खरा होता. मगच चहा. आणि बसून."

नानांनी गाडी शिरपूरकडे काढली. रक्तदाबाची गोळी घरी राहिली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. पुढे एका ट्रकच्या मागे ब्रेक लावावा लागला, तेव्हा ते सवयीने कान देऊन बसले. काही वाजलं नाही. कोकिळाबाईंनी गाठ दोन्ही हातांनी धरली होती.

नरडाणा मागे पडल्यावर नानांनी विचारलं, "आणि गिरधर म्हणाला की आवाज नव्हताच, तर?"

"म्हणू दे तर खरा," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी विचारीन, आई गाडीत पसापसा गहू ओतत होती तेव्हा तू कुठं होतास."