चाकावरचं वजन

भिंगाला लोक भिंग म्हणत ते काही तो चष्म्यांचं दुकान चालवायचा एवढ्यामुळेच नव्हे. रेल्वेची छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांच्या मंडळात कुणी नवं इंजिन मांडलं, की हा खिशातून भिंग काढून वाकायचा आणि मग त्या इंजिनाची धडगत नसायची. धुरांड्याची कड जाड झालीय, खऱ्याला इथे शिडी नव्हती, हा हिरवा तो हिरवा नव्हेच. खोट काढल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. सगळ्यांत जास्त बोलणी त्याच्या मेहुण्याने खाल्ली होती, आणि तरी नवं इंजिन झालं की तो पहिला निरोप भावोजींनाच धाडायचा.

या खेपेचा निरोप आला तेव्हा बायकोने त्याला दारातच अडवलं. तिच्या भावाच्या तपासणीचा अहवाल आदल्या दिवशी आला होता. दुखणं यकृतापर्यंत पसरलंय, आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी तिला एकटीला सांगितलं होतं. त्याची मुलगी परगावाहून येईपर्यंत हे त्याच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं.

"अहवालाचं विचारलं तर अजून आला नाही म्हणा," ती म्हणाली. "आणि आज त्याच्या इंजिनाला नावं ठेवू नका. एक दिवस त्याला बरं वाटू दे."

मेहुणा खिडकीशी टेबलाजवळ बसला होता. सदरा अंगावर लोंबत होता. दिव्याखाली रुळाच्या तुकड्यावर वीतभर काळं इंजिन उभं होतं. भिंग वाकला आणि त्याची नजर थेट मधल्या चाकावर पडली.

खऱ्या इंजिनाच्या मोठ्या चाकाला एका बाजूला दांडा जोडलेला असतो, आणि त्याचा भार तोलायला बरोबर समोरच्या बाजूला वजन असतं. इथे दांडा आणि वजन एकाच बाजूला होते. असं इंजिन खरोखर धावलं असतं तर आदळून आदळून त्याने रूळच उखडले असते. नवशिक्यालाही दिसावी अशी चूक, आणि ती या माणसाच्या हातून. हा इतका थकला की काय, असं भिंगाच्या मनात आलं.

"छान झालंय," तो म्हणाला.

मेहुण्याने धुरांड्याचं विचारलं. चांगलं आहे. रंगाचं विचारलं. झकास आहे. भिंग खिशात गेलं, परत बाहेर आलं. तो उठून खिडकीपर्यंत गेला, येऊन बसला, पाणी मागितलं आणि प्यायला विसरला. नजर चाकावरून हटेना, जीभ नुसती वळवळत होती, तिला आवरता आवरता त्याला घाम फुटला. शेवटी मेहुण्याने चाकांचंच विचारलं. चाकं तर फारच सुरेख, असं म्हणून भिंग आपली पिशवी शोधू लागला.

मेहुण्याने दिवा बंद केला.

"मधल्या चाकाचं वजन मी उलट बाजूला चिकटवलंय, भावोजी. मुद्दाम."

"कशाला?"

"ताईच्या तोंडावरून मला काही कळत नाही, ती लहानपणापासून सराईत आहे. तुमच्यावरून कळतं. म्हटलं, तुम्ही या चाकावरून मला सोलून काढलंत, तर अजून काही बिघडलेलं नाही."

भिंग पिशवी शोधायचा थांबला. अहवालाबद्दल काय सांगायचं ते तो वाटभर घोकत आला होता. तो प्रश्न मेहुण्याने विचारलाच नव्हता.

मेहुण्याने ड्रॉवरमधून बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्यापुढे ठेवला.

"आता खरं बोला. चाकापासून सुरू करा."

भिंगाने दिवा लावला. "वजन चुकीच्या बाजूला आहे," असं म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. मग दांड्याचा स्क्रू सोडवता सोडवता, मान वर न करता, त्याने डॉक्टरांचं बोलणं सगळं सांगून टाकलं. मेहुण्याने त्याला मधे एकदाच थांबवलं, स्क्रू उलटा फिरवताय म्हणून.