तळघरातली गडबड

मित्रांनो, परदेशी शिकायला आलेल्या मुलामुलींच्या एका वसतिगृहात, तळघराच्या जिन्याखाली मी उभे असते. मी एक जुने कपडे धुण्याचे यंत्र आहे. मला येथे आणून बसवले, तेव्हा मी दुधासारखे पांढरे होते. "याचा आवाजसुद्धा येत नाही हो!" असे माझे कौतुक व्हायचे. पुढे माझा पट्टा सैल झाला, एक पाय झिजला आणि मी असे खडखडू लागले की बोलणाऱ्याला ओरडावे लागे. मग शेजारी नवे यंत्र आले. सगळे त्याच्यासमोर रांग लावू लागले. माझ्याकडे यायचे ते नवखे, ज्यांना अजून काही माहीत नसायचे.

ताई अशीच आली. तिचे खरे नाव मला ठाऊक नाही. फोनवर तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणते.

पहिल्या रविवारी सकाळी तिने सगळे कपडे एकदमच माझ्या पोटात कोंबले. त्यात एक लाल ओढणी होती आणि प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोटही होता. कोट बाहेर आला तो चक्क गुलाबी होऊन! ताईला हसू आले. तो हातात उंच धरून ती कोणाला तरी दाखवायला वळली. मागे कोणीच नव्हते. मित्रांनो, ते हसू तिच्या ओठांवरच वाळून गेलेले मी पाहिले.

पुढच्या रविवारी मी चालू असतानाच तिच्या आईचा फोन आला. माझ्या खडखडाटामुळे ताईला फोनचा आवाज मोठा ठेवावा लागायचा, म्हणून आईचे शब्द मलाही ऐकू येत.

"कसला गं एवढा आवाज?" आईने विचारले.

ताईने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मैत्रिणी आहेत, आई. नुसती गडबड चाललीय त्यांची."

"बरं झालं बाई! जीव भांड्यात पडला माझा."

त्या दिवसापासून ताई घरी फोन करायची ती माझ्याजवळ उभी राहूनच. एकदा तर दोन मोजे आणि एक रुमाल, एवढेच घेऊन आली. माझ्या आवाजाबद्दल आजवर मी फक्त तक्रारीच ऐकल्या होत्या. आता तो कोणाच्या तरी उपयोगी पडत होता. मला बरे वाटले आणि वाईटही वाटले. फोन ठेवल्यावर ती माझ्या दाराच्या काचेत बघून या देशाच्या भाषेतले एकच वाक्य घोकायची, "इथे कोणी बसलंय का?" ते तिला भोजनगृहात कोणाला तरी विचारायचे होते. तीन रविवार झाले तरी घोकणे संपले नव्हते.

सहाव्या रविवारी आई म्हणाली, "अगं, दे ना एखादीला फोन. बोलते मी."

"त्यांना मराठी कुठे येतं, आई!"

"न येऊ दे. नमस्कार तर म्हणीन."

नेमके तेव्हाच माझ्या पोटात काहीतरी अडकले आणि मी बंद पडले. तळघर एकदम शांत झाले.

"काय गं, सामसूम कशी झाली?"

ताई खाली फरशीवर बसली. "आई, इथे कोणी नाहीये. कपड्यांचं मशीन होतं ते. मी एकटी जेवते. समोरच्या खुर्चीवर दप्तर ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही."

आई म्हणाली, "माहीत होतं मला. मैत्रिणी कधी मध्येच पाणी सोडतात होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तेवढा आधार वाटत होता तुला. तो कशाला काढून घेऊ? फोन ठेवला की मी ओट्याशी जाऊन रडायचे. कांदा झोंबला म्हणायचे. शेवटी तुझे बाबा म्हणाले, अगं, घरात आठ दिवस कांदाच नाहीये!"

दोघी हसल्या, आणि हसता हसता ताईला हुंदका आला. "परत येऊ का गं मी?"

"ये की. दार उघडंच आहे. पण आज नको ठरवूस. आधी त्या ओल्या कपड्यांचं बघ."

माझे दार काही उघडेना. ताई बराच वेळ जिन्यात घुटमळली आणि मग तिने सफाईवाल्या मावशींचे दार ठोठावले. या देशात आल्यापासून तिने ठोठावलेले ते पहिले दार. मावशींनी माझी खालची चकती फिरवून पाणी काढले. आत केसांची पिन सापडली. त्यांनी ती ताईच्या केसांतल्या पिनेशी जुळवून पाहिली आणि कपाळावर हात मारला. मग एक टोक एकीने, दुसरे दुसरीने धरून दोघींनी चादर पिळली. पाण्याने दोघी निथळल्या.

ताई परत गेली नाही. पण म्हणून तिच्याभोवती मैत्रिणींचा घोळका जमला, असेही नाही. एकटेपण हळूहळू उतरते, तापासारखे. ती आता आईला खोलीतूनच फोन करते. कधी दोघींना बोलायला काही नसते, तरी फोन चालूच राहतो, असे ती मावशींना सांगताना मी ऐकले.

माझे सुटे भाग आता मिळत नाहीत. पुढच्या महिन्यात मला येथून हलवतील. त्याआधी एवढेच सांगते. मित्रांनो, कपडे टाकताना पिना काढत जा. आणि तुमचे कोणी दूर एकटे राहत असेल, "मी मजेत आहे" म्हणत असेल, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. "जेवलीस का?" हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, "कोणाबरोबर जेवलीस?"