पलंगाची गिटार

शिसवाचं लाकूड मिळेनासं झालं, तेव्हा गिटारवाल्याने हाताला लागेल ते ठोकून पाहिलं. फळकुटं, खोकी, शेजारच्याचं मोडकं कपाट. एक धड वाजेल तर शपथ! शेवटी हात घातला तो बायकोच्या पलंगाला. आजारपणात ती त्यावरच पडून होती आणि त्यावरूनच गेली. अगदी जिवावर आलं होतं त्याच्या, पण पोट ऐकतंय थोडंच?

लाकूड पारखायचं ते बापलेकीने मिळून, ही त्या घरची रीत. बाप फळी ठोकून कान लावायचा. लेक जन्मापासून बहिरी. ती फळीवर एक तळवा ठेवायची आणि नाद विरेपर्यंत दुसऱ्या हाताची मूठ उघडी धरायची. विरला की मूठ बंद. दिवसभर हातांनी खुणा करत सुटायची, म्हणून नाव पडलं बडबडी.

पलंगाच्या फळीवर रंधा मारून त्याने ती ठोकली. अहाहा, काय नाद! त्याच्या कानातून विरला तरी बडबडीची मूठ मिटेना. एकदाची मिटली. आणि त्याने बोटही लावलेलं नसताना पुन्हा उघडली.

त्याने रंधा खाली ठेवला. शेवटी शेवटी बायकोला हात उचलवेना, तेव्हा मायलेकी अशाच बोलायच्या. आई पलंगाच्या फळीवर बोटाने टकटक करायची आणि लेकीला ती तळव्यात कळायची. ती भाषा शिकायचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. कामच संपायचं नाही ना या साहेबांचं!

मग रोजचंच झालं. फळी कापली, घासली, तिची गिटारची पाठ झाली. बडबडी जेवण टाकून तिच्यावर तळवा ठेवून बसायची, मधूनच दोन बोटांनी उत्तर द्यायची. डोळे खोल गेले पोरीचे. बाप हादरला, कारण जगात ही एवढीच उरली होती त्याला.

"नको गं नेऊस तिला!" तो गिटारवर ओरडला आणि हातोडा उचलला.

बडबडी आडवी आली. तिने स्वच्छ खुणा केल्या.

"मला नाही बोलावत ती. तुम्हाला बोलावतेय, बाबा. रोज."

त्याने हातोडा खाली ठेवला. त्याने खुणेनेच विचारलं, "मग तू तिला काय सांगतेस?"

"सांगते, गिटार अजून पुरी व्हायचीय, झाली की बाबा येतील."

फक्त तारा चढवायच्या राहिल्या होत्या. त्याने तारांचं पुडकं उचललं, खिडकीबाहेर भिरकावलं आणि लेकीजवळ बसून गिटारच्या पाठीवर तळवा टेकवला.

"मला शिकव," त्याने दुसऱ्या हाताने खूण केली. "गिटार अजून व्हायचीय, हे तिला माझ्याच हाताने सांगतो."