डाव्या हाताची लेकरं

"डाव्या हाताला नको," आईने हात मागे घेतला. "त्यांना वास चालत नाही."

त्यांना म्हणजे डासांना. आज माझी वक्तृत्वाची अंतिम फेरी, म्हणून मी तिला माझं सुगंधी क्रीम चोपडत होते. तिथेही ते आडवे आलेच.

आई डेंग्यूच्या प्रयोगशाळेत डास पाळते. नवी औषधं, नव्या जाळ्या आधी या डासांवर तपासतात. अंडी घालायला मादीला रक्त लागतं, म्हणून आई पिंजऱ्यात डावा हात घालून बसते. हे डास दिवसा चावणारे. त्यामुळे माझे सगळे कार्यक्रम आणि त्यांचं जेवण एकाच वेळी. याच्यापेक्षा सावत्र भावंडं परवडली.

"आज ठेव ना उपाशी."

"लेकरांना?" आई म्हणाली. मला ती कार्टी म्हणते.

मग मीही तिच्यासोबत गेले. तिथूनच तिला ओढत शाळेत न्यायचं होतं.

खोली दमट, उबदार. एक डास पिंजऱ्याबाहेर भिरभिरत होता. आईने काचेच्या नळीत त्याला अलगद ओढून घेतलं, परत आत सोडलं आणि बाही सारून हात घातला. बघता बघता हात ठिपक्यांनी भरला. मला ताप आला की ती जशी बघते, तशी त्यांच्याकडे बघत होती. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

"चावत नाहीत?"

"चावतात की. दूध पिताना तू काय कमी चावायचीस?"

उशीर होत होता. मी बाही वर केली. "मीपण घालते हात. लवकर उरकेल."

"गप बस."

"का? इथेच जन्मलेत, यांच्यात डेंग्यू नाही, तूच सांगतेस ना?"

"नाहीच आहे. तरी नको."

"म्हणजे तुला वाटणीच नकोय."

आईने हात बाहेर काढला, त्यासोबत एक डास निसटला आणि माझ्या मनगटावर येऊन बसला. नळी टेबलावर तिच्या समोरच होती.

फाटकन आईचा फटका बसला.

मनगटावर रक्ताचा ठिपका उमटला. आईचंच असणार ते. आईने तो पदराने पुसला, मेलेल्या डासाकडे पाहिलंसुद्धा नाही. मग चावल्याच्या गांधींनी भरलेला डावा हात माझ्यापुढे धरला.

"आण ते क्रीम."

"आणि उद्या त्यांचं?"

"उद्या उजवा घालीन."

मी गांधी चुकवत, हळूहळू क्रीम लावत राहिले. उशीर झालाच होता.