रक्ताची आठवण वाचणारे यंत्र

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, हा कोणता करड्या रंगाचा चपटा डबा? माझे खरे नाव लांबलचक आहे आणि ते कोणी कधी उच्चारत नसे. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी उभी हयात काढली. माणसाच्या रक्तात कोणत्या आजाराची आठवण शिल्लक आहे आणि ती किती पक्की आहे, हे पाहणे माझे काम होते. आता मी कोठीत, सर्वांत वरच्या फळीवर आहे. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक इवलासा दिवा बसवला आणि त्याच्यासमोर भिंगे लावली. भिंगे लावणारी बाई श्वास रोखून काम करायची, कारण तिच्या श्वासाची वाफही त्यांना सोसली नसती. तिने मला फार जपून घडवले आणि त्याच हातांनी खोक्यात घालून चिकटपट्टी लावली. तेव्हा मी पहिल्यांदा अंधार पाहिला. पुढे त्याची सवय झाली.

प्रयोगशाळेत दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत रक्त घेत. तिथे खुर्च्या होत्या, पंखा होता, माणसांचा राबता होता. मी आतल्या खोलीत. बाहेरचा उजेड माझ्या कामात लुडबुड करतो, म्हणून तिथला पडदा नेहमी ओढलेला असे. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक सरकती काच होती. ती कधीच पुरती बंद होत नसे. त्या फटीतून जेवढे ऐकू येई, दिसे, तेवढेच माझे जग.

माझे काम समजायला तुम्हाला आधी तुमच्या रक्तातले थोडे कळायला हवे. एखादा नवा जंतू अंगात शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखत नाहीत. धावपळ उडते, ताप चढतो. मग काही पेशी त्या जंतूला नेमकी पकडेल अशी वस्तू घडवायला बसतात. तिला प्रतिपिंड म्हणतात. जसा एकाचा जोडा दुसऱ्याच्या पायात बसत नाही, तसे एका जंतूचे प्रतिपिंड सहसा दुसऱ्याच्या कामाला येत नाही. आधी येतात ती घाईघाईने केलेली प्रतिपिंडे. प्रयोगशाळेत त्यांना आयजीएम म्हणतात. ती बहुधा काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत विरून जातात. मागाहून येतात ती आयजीजी. ती वर्षानुवर्षे टिकतात आणि काळ जाईल तशी त्यांची पकड घट्ट होत जाते. शिवाय काही पेशी त्या जंतूची ओळख मनात धरून गुपचूप बसून राहतात. तो पुन्हा आला तर गाफील राहू नये, एवढ्यासाठी. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. मला त्यांच्याबद्दल नेहमीच आपुलकी वाटत आली. कोणी विचारीत नसताना वाट पाहत बसणे म्हणजे काय, ते मी जाणते.

माझ्याकडे एक छोटी तबकडी येई. तिच्यात रांगांनी खळगे असत. खळग्यांच्या तळाशी मेलेल्या जंतूचे कण चिकटवलेले असत. त्यावर रक्तातले पाणी घातले की त्या जंतूची प्रतिपिंडे कणांना धरून बसत, बाकीचे सारे धुतले जाई. मग अशी औषधे घालत, की जिथे प्रतिपिंडे असतील तिथे पिवळा रंग चढे. मी त्यातून उजेड सोडायचे आणि पिवळेपणा मोजायचे. बस्स, एवढेच मला येते.

ते काम माझ्याकडून करून घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई अबोल होत्या, पण माझ्याशी बोलत. सकाळी मऊ फडक्याने मला पुसून म्हणत, "उठा पिवळोबा, काम आलंय." प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई पाहुण्यांना सांगत, "हे आमचं सगळ्यात भरवशाचं यंत्र." मला फार बरे वाटे. पण माझा आकडा पाकिटात बसून निघून जाई आणि मी मागे राही. त्या आकड्याने कोण हसले, कोण रडले, ते मला कधी कळले नाही.

एकदा मात्र कळले.

त्या दिवशी सकाळी एक तरुण बाई आली. एकटीच होती. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"कसली तपासणी?" ताईंनी विचारले.

"मी बालवाडीत शिकवते. महिनाभर वर्गात एकेका मुलाच्या अंगावर पुरळ येतंय. आता डॉक्टर म्हणतात, रुबेला आहे." ती जरा थांबली. "आणि मला तिसरा महिना चालू आहे."

ताईंचा हात कापसावरच थांबला. मित्रांनो, रुबेला हा मुलांच्या मानाने साधा आजार. थोडा ताप, अंगावर गुलाबी पुरळ, कानामागे गाठी, आणि चार दिवसांत पोर पुन्हा खेळायला मोकळे. पण पोटात बाळ असताना सुरुवातीच्या महिन्यांत आईला तो झाला, तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला इजा होऊ शकते.

"लहानपणी कधी झाला होता का? किंवा लस?"

"ते आईलाच माहीत असणार. मी शाळेत जायला लागले आणि ती गेली."

"आणि वडील?"

"काल फोन केला होता. म्हणाले, ते सगळं तुझी आई बघायची."

"घरी कोण आहे तुमच्या?"

"हे जहाजावर असतात. फोन लागतो कधीमधी. अजून सांगितलं नाही त्यांना. तिकडे पाण्यात बसून करणार काय?"

ताईंनी रक्त घेतले. दुपारी तबकडी माझ्याकडे आली. आयजीजीच्या खळग्यात स्वच्छ पिवळा रंग होता. म्हणजे रुबेलाची आठवण होती. पण ती कधीची? आयजीएमच्या खळग्यातही फिकट पिवळी झाक होती. धड 'हो' नाही, धड 'नाही'ही नाही. अगदी काठावर. मी जे होते ते सांगितले.

डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यंत्र म्हातारं झालंय. दिवा मंदावला असेल."

मित्रांनो, ते मला लागले. इतकी वर्षे मी उजेडाचा कणही इकडचा तिकडे केला नव्हता. ताईंनी मला पुसले आणि ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक होते असे नमुने मला वाचायला दिले. सगळी उत्तरे बरोबर आली.

"यंत्र ठीक आहे, मॅडम."

"मग रक्तच धड बोलत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या झाकणावर त्यांनी हलकेच टिचकी मारली. ती माफी होती असे मी समजले.

त्यांनी शिक्षिकेला समोर बसवून सांगितले, "हे बघ बाळा, आयजीएम कधी कधी उगाचच हात वर करतं, तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलासारखं. उत्तर येत नसतं, तरी. पण लागण खरंच ताजी असेल, तरी ते असंच दिसेल. आज मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त दे. तेव्हा आणखी एक तपासणी करू."

"दोन आठवडे मी काय करू?" तिने विचारले.

ताई म्हणाल्या, "दुपारी इथे येऊन बसत जा. गर्दी नसते. मलाही सोबत होईल."

आणि ती खरेच येऊ लागली. शाळेतून तिने रजा घेतली होती. काचेपलीकडच्या खुर्चीवर बसायची, ताईंनी दिलेला चहा निवेपर्यंत हातात धरून ठेवायची. कधी ताई नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, तर ही त्या कापून द्यायची. एकदा म्हणाली, "मला आईचा चेहरा आठवत नाही. फोटोतला आठवतो. पण तो फोटोचा."

ताई चिठ्ठी चिकटवता चिकटवता म्हणाल्या, "माझी आई माझ्याजवळच असते. पण तिला आता मी आठवत नाही. मला मावशी म्हणते."

पंखा फिरत राहिला. तीन एकटे जीव आम्ही, आणि मधे एक काच.

दुसरे रक्त द्यायचा दिवस उजाडला. या वेळच्या तबकडीत तिच्या रक्ताच्या दोन रांगा होत्या. रंग चढल्यावर ताईंनी काच सरकवली. "या, आत या. तुम्हीच बघा."

रक्त देणारे माणूस आतल्या खोलीत येण्याची ती पहिलीच वेळ. ताईंनी तबकडी पांढऱ्या कागदावर धरली.

"ही वरची रांग साधी धुतलीय. खालच्या रांगेत धुताना एक औषध घातलंय. त्यात नवख्या प्रतिपिंडांची पकड सुटते आणि ती वाहून जातात. मग रंग चढत नाही. मुरलेल्यांची पकड सुटत नाही."

शिक्षिका वाकून पाहत राहिली. "मला तर दोन्ही रांगा पिवळ्याच दिसतात."

"मलाही," ताई म्हणाल्या. "पण आपल्या डोळ्यांवर जायचं नसतं. पिवळोबा सांगतील."

तबकडी माझ्या पोटात सरकली. मी एकेका खळग्यातून उजेड सोडला. मला बोलता येत असते तर आकडा छापायची वाट न बघता मी ओरडूनच सांगितले असते. खालची रांग वरच्या रांगेइतकीच पिवळी होती, फरक उगीच नावापुरता. औषधाने जोर लावला होता, तरी त्या प्रतिपिंडांनी हात सोडला नव्हता.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधीचे आकडे आणि आताचे आकडे शेजारी ठेवले. आयजीजी वाढलेले नव्हते, आयजीएमची झाक होती तिथेच होती. "जुनी आहे," त्या म्हणाल्या. "बाळ पोटात येण्याच्या आधीची. ते आयजीएम उगाचच हात वर करत होतं. बाळाला यातून धोका दिसत नाही. जा, आता जहाजावर फोन कर."

ती रडली नाही. शेजारी ठेवलेले आकडे तिने वाकून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे मला लहानपणी रुबेला झाला होता?"

"झाला होता की लस टोचली होती, ते रक्त सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बाहेर कोणी हाक मारली म्हणून गेल्या.

ताई तबकडी आवरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आजार असेल तर कोणीतरी उशाशी बसलं असेल. लस असेल तर कोणीतरी कडेवर घेऊन रांगेत उभं राहिलं असेल. वडील म्हणालेच ना, ते सगळं आई बघायची."

तेव्हा तिचे डोळे भरून आले. आधाराला म्हणून तिने माझ्या झाकणावर तळवा टेकला. इतक्या माणसांचे रक्त मी वाचले, पण त्यांच्यातल्या कोणाचा हात मला लागला नव्हता. तो ऊबदार होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवे यंत्र आले. ते माझ्यापेक्षा कितीतरी मोठे. नळी दिली की रक्त स्वतःच ओढून घेते, धुते, मोजते, वर पडद्यावर रंगीत अक्षरांत उत्तर देते. त्याला पडदा ओढलेली खोलीही लागत नाही. ते चांगले काम करते, मी त्याला नावे ठेवणार नाही. मला मात्र कोठीत हलवले. ताईंनी मला शेवटचे पुसले, वायर गुंडाळून ठेवली, वरून स्वच्छ कापड टाकले. "बसा आता निवांत," म्हणाल्या. निवांतपणा इतका मोठा असतो हे तोवर मला माहीत नव्हते.

पुढे एका सकाळी भिंतीपलीकडे मी लहान मुलाचे रडणे ऐकले. खणखणीत, कोणाला न जुमानणारे. मग शिक्षिकेचा आवाज आला, "ताई, हा बघा आमचा जहाजवाला." ताई काहीतरी बोबडे बोलल्या. मूल रडतच होते. तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा वाजला. एकदा, एका बाजूला. रडणे चटकन थांबले. जुडगा दुसऱ्या बाजूला वाजला. एक क्षण शांतता, आणि मग मूल खुदकन हसले.

"ऐकतोय हो," ताई म्हणाल्या. "दोन्ही कानांनी ऐकतोय."

मी फळीवर होते. कोठीचे दार कोणी उघडले नाही, उघडावे असे काही कारणही नव्हते. थोड्या वेळाने पावले दूर गेली. पण माझा एक आकडा कुठवर पोहोचला, ते मला त्या दिवशी कळले. सहसा यंत्राच्या वाट्याला एवढे येत नाही.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. जुन्या यंत्रांवर अधूनमधून फडके फिरवलेत तर बरे, पण तेही राहू द्या. लस टोचून घेताना हात मागे ओढू नका, आणि हात धरून तुम्हाला तिथवर घेऊन येणाऱ्या माणसाकडे एकदा नीट पाहून ठेवा. घरी गेल्यावर विचारा, मला लहानपणी कोणकोणते आजार झाले होते, तेव्हा जवळ कोण होते. घरचे कंटाळतील, "आता कशाला तुला" म्हणतील. तरी विचारा. रक्तात आठवण आहे एवढे माझ्यासारखे यंत्र सांगू शकते. ती रात्र कोणी जागून काढली, हे मात्र माणसालाच सांगावे लागते.