सुमेधच्या उष्टावणाची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी वाटी आहे. चांदीची आहे हे आधीच सांगून टाकते, कारण आता माझ्यावर इतका काळा थर चढलाय की आलेले पाहुणे मला जर्मनची समजतात. अर्धापूरला अश्वजितच्या घरी, पुढच्या खोलीतल्या शोकेसमध्ये मी असते. शेजारी त्याला शाळेत मिळालेली ढाल आणि प्लास्टिकची फुलं आहेत. इथून घरातलं सगळं दिसतं.

माझा जन्म नांदेडच्या सराफ्यात मकसूदमियाँच्या हातून झाला. अश्वजितचे वडील केरबा शाळेत शिपाई होते. मुलगा झाला म्हणून त्यांनी आपल्या आईचे जुने तोडे आणून दिले आणि म्हणाले, "बारकी वाटी करा, मियाँ. लेकराला काठ टोचला न्हाई पाहिजे." मकसूदमियाँनी माझा काठ स्वतःच्या ओठांवरून फिरवून पाहिला, तेव्हा कुठे मला हातावेगळं केलं. त्या वेळी मी अशी चमकायचे की विचारू नका. कौतुक मला फार लवकर मिळालं आणि त्यानं माझं डोकं फिरलं, हेही कबूल करते.

अश्वजितचं उष्टावण बुद्धपौर्णिमेला झालं. त्या दिवशी वस्तीतल्या विहारात खीर वाटतात. केरबांनी त्यातलीच पळीभर माझ्यात घेतली. अश्वजित तेव्हा सात महिन्यांचा होता. मांडीवर ताठ बसायचा, कुणाच्याही हातातल्या भाकरीवर झेप घालायचा. त्यानं पहिला घास गिळला आणि दुसऱ्यासाठी माझा काठच घट्ट धरून ठेवला. सगळे हसले. केरबा म्हणाले, "आता आपल्या घरात पहिला घास पोर्णिमेच्या खिरीचाच." मूल सात महिन्यांचं होतं म्हणून सगळं नीट पार पडलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. श्रेय पौर्णिमेला गेलं, आणि उरलंसुरलं मी घेतलं.

पुढं मी बरीच वर्षं ट्रंकेत फडक्यात गुंडाळून पडले होते. केरबा गेले. अश्वजित तहसिलात कारकून झाला. शिरूर अनंतपाळची बुद्धप्रिया त्याची बायको होऊन घरात आली, आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जानेवारीत त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव सुमेध. झोपेत हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची.

वैशाख जवळ आला तशी अश्वजितच्या आईनं, सरजाबाईनं, मला बाहेर काढलं. राखेनं घासलं. मी पुन्हा चमकले आणि मनातून फुगले. बुद्धप्रिया मात्र सुमेधला पोटाशी धरून उंबऱ्यात उभी होती.

"आत्या, चारच महिन्याचा हाय. अंगणवाडीतल्या सिंधुताई म्हणल्या, सहा महिने पुरे होऊ द्या. तवर वरचं पाणीसुदीक न्हाई."

"पुढच्या सालच्या पोर्णिमेला त्ये पळून राहील. पळत्या लेकराचं उष्टावण करतेत व्हय?" सरजाबाई म्हणाली. "मालकाची लई इच्छा होती गं. आन् एक बोट चाटवल्यानं काय होतंय?"

बुद्धप्रियानं नवऱ्याकडं पाहिलं. अश्वजितनं मोबाइलमधून मान वर केली नाही. "आईचं मन मोडू नको," एवढंच म्हणाला. सरजाबाई दुष्ट नव्हती, मित्रांनो. तिला नातवाच्या तोंडात नवऱ्याचा शब्द ठेवायचा होता.

पौर्णिमेला ऊन मी म्हणत होतं. सरजाबाईनं पहाटेच खीर रांधून डब्यात भरली. विहारात वंदना झाली, भाषणं लांबली, आणि दुपार झाल्यावर खीर माझ्यात पडली. सुमेधची मान आजीच्या दंडावर डुलत होती. तिनं बोटावर खीर घेऊन त्याच्या ओठाला लावली, तर त्यानं जिभेनं ती बाहेर ढकलली. पुन्हा लावली, पुन्हा बाहेर आली. ते बाळ त्याला येत होतं त्या एकाच भाषेत नको म्हणत होतं. मग वस्तीतल्या बायांनी एकेक बोट चाटवलं, फोटो काढले. आणि मी? मी त्या फोटोंत किती छान दिसत असेन, याचाच विचार करत होते.

तेवढ्यावर सगळे थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सुमेधनं ओठ चोखले आणि सरजाबाई म्हणाली, "मिटक्या मारून राहिलंय बघा. भुकेलंय लेकरू." तीन दिवस दुपारी खिरीचे दोन-दोन चमचे त्याच्या पोटात गेले. चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले, मग उलट्या. "दात येऊन राहिलेत," म्हणून एक दिवस गेला. बाळाचे डोळे खोल गेले, तेव्हा त्याला नांदेडच्या दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी ते परत आले. सुमेध आला नाही.

डॉक्टरांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं नाही. ऊन म्हणाले, डब्यातली खीर म्हणाले, कोवळं पोट म्हणाले, यायला उशीर झाला असंही म्हणाले. बुद्धप्रिया भिंतीला टेकून बसली होती. तिच्या छातीला दूध भरून आलं होतं, पोलकं भिजलं होतं, आणि प्यायला कुणी नव्हतं. मला तिच्याकडं पाहवत नव्हतं. पण वाटीला डोळे मिटता येत नाहीत.

त्यानंतर मला शोकेसमध्ये सगळ्यांत मागे सरकवलं गेलं. कुणी घासलं नाही. मी तक्रार केली नाही. सरजाबाई घरात वावरायची ती भिंतीच्या कडेकडेनं. सुनेनं तिला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्यामुळं ती जास्तच खचली.

दोन वर्षांनी जुलैत उत्पला जन्मली. नातीला मांडीवर घेताना सरजाबाई आधी सुनेकडं बघायची, मगच हात पुढं करायची. जानेवारीअखेर उत्पलाला सहा महिने पुरे झाले. ती टेकून बसायला लागली होती, मान पक्की होती. कुणी जेवायला बसलं की तिची नजर घासाबरोबर ताटातून तोंडाकडं जायची आणि तिचंही तोंड आपोआप उघडायचं. बुद्धप्रिया तिला उचलून आतल्या खोलीत न्यायची आणि अंगावर पाजायची.

सातवा महिना गेला, आठवा गेला. सिंधुताई दर महिन्याला घरी यायच्या. मार्चच्या अखेरीला त्या आल्या त्या रागावूनच.

"बुद्धप्रिया, तीन महिने झाले, हिचं वजन जाग्यावरच हाय. निसत्या दुधावर आता भागत न्हाई. पाज की, पण वरचंबी दे."

"दूध हाय मला, ताई. भरपूर हाय."

"तव्हा लई लवकर झालं. आता तू लई उशीर करून राहिलीस."

बुद्धप्रिया रडायला लागली. "हातात चमचा घेतला की मला त्याचे डोळे दिसतेत, ताई. न्हाई जमत मला."

सिंधुताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. सरजाबाई दाराआड उभी होती. तिला सगळं कळत होतं. नातीच्या मांड्या वाळत चालल्यात, पूर्वी खिदळणारी पोर आता बहुतेक वेळ पडून असते, हे तिला आधीच दिसलं होतं. पण या घरात लेकराच्या खाण्याबद्दल तोंड उघडायचा हक्क आपण घालवून बसलो, असं तिनं मनाशी ठरवलेलं होतं. शोकेसमधून मी तळमळत होते. एवढी जाणती बाई, आणि गप्प!

दोन दिवसांनी सरजाबाई वरणभात जेवत होती. उत्पला सरपटत तिच्यापाशी आली. तिनं आजीच्या मांडीला धरलं, ताटाच्या दिशेनं मान पुढं केली आणि आ वासला. सरजाबाईचा घास धरलेला हात वरच्या वर थांबला. पोर तो हात खाली ओढायला लागली. म्हातारीनं हात पाठीमागं नेला आणि तोंडात पदर कोंबला. तिचे खांदे हलत होते. उत्पला रडली नाही. आ वासून तशीच वाट बघत राहिली.

बुद्धप्रिया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "द्या तिला."

"न्हाई माय. माझ्या हातानं न्हाई."

बुद्धप्रियानं साबणानं हात धुतले. ताजा गरम भात आणि वरण बोटांनी मेणासारखं मऊ केलं. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, आता शोकेसचं दार उघडेल. तिची नजर एकदा माझ्यावर पडलीसुद्धा. मग ती वळली आणि फळीवरची स्टीलची वाटी घेतली. तिनं बरोबर केलं.

उत्पलाला तिनं सरजाबाईच्याच मांडीत बसवलं. पहिला घास देताना बुद्धप्रियाच्या हातून अर्धा भात झबल्यावर सांडला. उत्पलानं तोंड मिटलं, नाक मुरडलं, आणि गिळलं. मग पुन्हा आ केला. दोघी बायका एकमेकींकडं न बघता रडत होत्या आणि पोर जेवत होती. आता ती दिवसातून तीनदा जेवते, वजन हळूहळू चढतंय. पण सरजाबाई अजून तिला आपल्या हातानं भरवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल तर मोठ्या माणसांना माझं एवढं सांगा. बाळाला कधी भरवायचं हे भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारू नका, गेलेल्या माणसाच्या शब्दाला विचारू नका, आणि आपल्या भीतीलाही विचारू नका. सहा महिने पुरे होऊ द्या, आणि बाळाकडं बघा. त्याचं काही अडलं असेल तर सिंधुताईंसारख्या जाणत्या बाईला विचारा.

बुद्धपौर्णिमा दरवर्षी येते. आम्हाला सुमेधसाठी फक्त दोन महिने थांबायचं होतं.